नाशिकजवळच्या अनोळखी डोंगरावर एका दिवसात जाऊन यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची गत वेगळी नाही. साल्हेर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, म्हणजे आता तिकडेही ओघ वाढणार. त्यामुळे "गर्दी नसलेला एखादा डोंगर सांगा ना" ही मागणी सारखी येते. सांगायला हरकत नाही, पण गर्दीच्या डोंगरावर जी कामं गर्दी आपसूक करते, म्हणजे वाट दाखवणं, लिंबूपाणी विकणं, कुणी पडलं तर चार हात पुढे येणं, ती सगळी इथे आपल्याला आदल्या दिवशीच लावून ठेवावी लागतात. खालची उत्तरं त्याच हिशेबानं लिहिली आहेत. उदाहरण म्हणून दिंडोरी तालुक्यातला अचला धरला आहे. बाकीच्या डोंगरांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

अचलाच का?

सातमाळा डोंगररांग पूर्वेला चांदवड-मनमाडच्या बाजूला सुरू होते आणि पश्चिमेकडे येत येत वणीच्या पुढे संपते. तिच्या या पश्चिम टोकाला अचला उभा आहे. उंची सुमारे चार हजार फूट, म्हणजे अंजनेरीच्या आसपास. शेजारी सप्तशृंगीचा गड आहे आणि तिथे लाखो लोक जातात. त्याच रांगेतल्या अचल्यावर मात्र सुट्टीच्या दिवशीही गुराख्यापलीकडे कुणी भेटेल याची खात्री नाही. नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी परतता येतं आणि दोर लागत नाही. पहिल्या अनोळखी डोंगरासाठी एवढं पुरे.

इतिहास हवा असेल तर तोही आहे. १६३६ मध्ये शाहजहानच्या सरदारानं, अलावर्दीखानानं, या रांगेतले किल्ले घेतले. पुढे १६७० च्या सुमारास यातले बरेच शिवाजी महाराजांकडे आले. दुसऱ्या सुरत लुटीनंतर परतताना १७ ऑक्टोबर १६७० ला महाराजांची मुघल सरदार दाऊदखानाशी जी लढाई झाली, ती याच रांगेतल्या कांचनबारीच्या परिसरात. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज यानं इथले किल्ले फिरून पाहिले आणि त्यांच्या नोंदी करून ठेवल्या.

कमी प्रसिद्ध म्हणजे सोपा असं समजायचं का?

अजिबात नाही. हरिहरच्या पायऱ्या खड्या आहेत, पण त्या दिसतात आणि त्यावरून रोज माणसं जातात. अचल्यासारख्या डोंगरावर एकही जागा तितकी अवघड नसते. तरीही घसाऱ्याचा, म्हणजे मुरमाड उतारावर साचलेल्या सुट्या खडीचा, एखादा पट्टा, गवतात बुडालेली वाट किंवा चुकीच्या सोंडेवर (डोंगरातून खाली उतरलेल्या धारेवर) गेलेला एक तास असं सगळं मिळून माणूस थकतो. "फार काही नाही, दोन तासांत वर" हे वाक्य ज्यानं सांगितलं तो केव्हा गेला होता, हे विचारून घ्या. दिवाळीत मळलेली वाट ऑगस्टमध्ये दिसेलच असं नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल, पण कारणं कळली तर निवड आपली आपल्याला करता येते.

जून ते ऑगस्टमध्ये इगतपुरी-त्र्यंबकइतका पाऊस वणीकडे पडत नाही. धुकं मात्र तेवढंच दाट उतरतं आणि धुक्यात दोन सोंडांमधली बरोबर कुठली हे गावातल्या माणसालाही चटकन सांगता येत नाही. कातळावर शेवाळ असतं ते वेगळंच. सप्टेंबरच्या शेवटी उघडीप मिळाली तर पठारं सोनकीनं पिवळी झालेली असतात. हा काळ सर्वात देखणा, फक्त दुपारनंतरच्या विजांकडे लक्ष ठेवायचं. परतीच्या पावसात सकाळ निरभ्र असते आणि तीन वाजता गडगडाट सुरू होतो. तसे ढग पूर्वेला वर चढताना दिसले की माथा सोडायचा. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही आणि पठाराच्या कडेला तर मुळीच नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या तुम्ही वाचताच. चढायला मात्र हाच काळ उत्तम. मार्चपासून गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, वणवे लागतात, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आटतात. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर सकाळी नऊपर्यंत माथा गाठून अकराच्या आत खाली, नाहीतर जाऊ नये.

नाशिकहून कसं जायचं आणि किती वाजता निघायचं?

दिंडोरी रोडनं म्हसरूळ, ढकांबे, दिंडोरी करत वणी. वणीहून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागायचं आणि पिंपरी अचला गावाचा फाटा विचारायचा. स्वतःची गाडी असेल तर साडेपाचला नाशिक सोडा. सातच्या सुमारास वणीत चहा, पावणेआठपर्यंत पायथ्याच्या गावात. दमानं चढलं तर वर पोचायला दोन-अडीच तास धरा. साडेदहाला माथा, तासभर वर, दीड-दोनपर्यंत गावात परत.

एसटीनं जायचं तर नाशिकहून वणीला गाड्या भरपूर आहेत. सप्तशृंग गडाच्या गाड्याही चालतात, पण कुठून वळतात हे कंडक्टरला विचारून घ्या. वणीच्या पुढचा टप्पा जीपच्या भरवशावर असतो, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे एसटीवाल्यांनी परतीची वेळ दोन तासांनी सैल ठेवावी. एक आणखी: नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत वणी-नांदुरीचा रस्ता खानदेशातून आलेल्या पदयात्रींनी फुललेला असतो. तेव्हा या बाजूला डोंगर करायला जाऊ नका. त्यांना आणि तुम्हाला, दोघांनाही त्रास.

वाट चुकू नये म्हणून काय बघायचं?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी डोंगराची ठेवण समजून घ्या. आपला सगळा भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरावर थर बसलेला. कठीण थर उभा राहतो त्याचा कडा होतो, मऊ थर झिजतो त्याचा उतार किंवा पदर, म्हणजे कड्याखालची सपाटी, होतो. म्हणून सातमाळेतला कुठलाही डोंगर खालून बघितला तर उतार, सपाटी, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा असाच दिसतो. उतारावर वाट कुठूनही जाऊ शकते, कड्यातून ती एकाच ठिकाणाहून वर जाते: खिंडीतून, नाळेतून (कड्यातल्या अरुंद घळीतून) किंवा खोदलेल्या पायऱ्यांवरून. याचा उपयोग असा की कड्याच्या पायाशी पोचलात आणि वाट दिसेना, तर सरळ वर चढायचा प्रयत्न करायचा नाही. कडा हाताशी ठेवून आडवं चालत राहायचं. पुढे कुठेतरी तो फुटतोच. अचल्याला आधी शेजारच्या टवळ्याच्या डोंगराकडच्या खिंडीचा रोख धरायचा आणि तिथून किल्ल्याच्या अंगाला लागायचं.

दुसरी गोष्ट ढोरवाटांची. पायथ्याला वाटांचं जाळंच असतं आणि त्यातल्या बहुतेक माणसांच्या नसतात. गुरांच्या वाटा उतारावर एकाखाली एक समांतर जातात, फारशा चढत नाहीत आणि शेवटी एखाद्या करवंदीच्या जाळीखाली अशा शिरतात की तिथून फक्त गाय जाऊ शकेल. लाकूडफाट्याच्या वाटा दिसायला ठळक, पण तोडलेल्या बुंध्यापाशी अचानक संपतात. किल्ल्याची जुनी वाट वेगळी ओळखू येते. ती वळणं घेत सतत चढते, कडेला कुठे दगड रचलेले सापडतात, आणि कातळावरून जाते तिथला दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत, थोडा काळसर चकाकणारा झालेला असतो. बाजूच्या दगडावर हात फिरवून बघा, तो खरखरीत लागेल. हा फरक एकदा बोटांना कळला की मग डोळ्यांनाही दिसू लागतो.

आणि चढताना दर पंधरा-वीस मिनिटांनी मागे वळून बघा. उतरताना तोच डोंगर उलटा दिसणार आहे. जिथे दोन वाटा फुटतात तिथे एक फोटो काढून ठेवा. झाडांवर रंगाचे पट्टे मारू नका, वाटेत दगडांचे मनोरे रचू नका. पुढच्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही आणि चुकून चुकीच्या वाटेवर रचला तर तो बिचारा कड्यावर जाऊन उभा राहतो.

गावातून वाटाड्या घ्यावाच का?

पहिल्यांदा जात असाल तर घ्या. आणि विचारायची पण एक पद्धत असते. गाडीच्या काचेतून "ओ, किल्ला कुठेय?" असं ओरडलं की "हे काय, इथंच" एवढंच उत्तर मिळतं. उतरा, राम राम घाला, दोन मिनिटं बोला.

"मामा, किल्ल्यावर जायचंय. वाट चालू आहे का?"

"चालू आहे ना. गुरं जात्यात रोज."

"आणि माणसं?"

"माणसं कशाला जातील?"

इथे समजायचं की वरच्या टप्प्यातली वाट मोडलेली असू शकते. मग "टाक्याला पाणी आहे का", "पायऱ्यांपाशी गवत किती आहे", "शेवटचं कोण गेलं होतं" हे विचारा. अंतर मात्र विचारू नका. डोंगरातल्या माणसाचा अर्धा तास म्हणजे आपला सव्वा तास.

सोबत येणाऱ्याला निदान दिवसाची मजुरी मिळेल एवढे पैसे आधी बोलून ठरवा. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. द्राक्षाच्या हंगामात तर बागांवर कामं असतात, कुणी यायला तयार होत नाही. तेव्हा एखाद्या आजोबांनी नातवाला सोबत धाडलं तर शाळेचा दिवस नाही ना, हे बघा.

पाणी किती न्यायचं? वरच्या टाक्यांचं चालतं का?

माणशी तीन लिटर, फेब्रुवारीनंतर चार. अचल्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर निघायचं नाही.

टाकं बघायचं कसं ते सांगतो. वरून हिरवं दिसलं म्हणजे वाईट आणि स्वच्छ दिसलं म्हणजे चांगलं, इतकं सोपं ते नसतं. उघड्या टाक्यात पालापाचोळा पडतो, गुरं उतरतात, कधी उंदीर-सरडा पडून मेलेला असतो. खांब सोडून आत कातळात कोरलेलं टाकं जास्त भरवशाचं, कारण ऊन आणि जनावर आतपर्यंत पोचत नाही. पाण्यावर बारीक किडे इकडून तिकडे पळत असतील तर ते निदान जिवंत पाणी आहे. वास घ्या, फडक्यातून गाळा आणि शक्यतो उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्ध्या तासानं प्या. टाक्यात पाय घालून बसणं, तोंड धुणं, बाटल्या विसळणं हे करू नका. मार्चमध्ये गुराख्याला तेच पाणी प्यायचं असतं.

खायला काय?

घरून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, संत्री. केळी पिशवीत चेंगरतात. वर चूल पेटवायची नाही, वाळल्या गवतात ठिणगी पुरते. वणीत सकाळी मिसळ खाऊन निघायचा मोह होईल, पण तर्री चढावर बोलते. ती परतताना खा. हिवाळ्यात सापुतारा रस्त्यावर स्ट्रॉबेरीचे ठेले लागतात, तेही उतरल्यावर.

बूट, कपडे?

तळाला खोल नक्षी असलेले बूट. धावायचे गुळगुळीत बूट घसाऱ्यावर दगा देतात. उतरताना टाच घट्ट रोवून, गुडघे किंचित वाकवून, आडवं आडवं उतरायचं, पुढच्याच्या डोक्यावर दगड जाणार नाही एवढं अंतर ठेवून.

कपड्यांत सगळ्यांना पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट आठवते. कुसळांचं कुणी सांगत नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत गुडघ्याएवढं गवत पिकलेलं असतं आणि त्याची कुसळं लोकरी मोज्यात आडवी शिरून पायाला टोचत राहतात. उपटली तर अर्धी तुटून आतच राहतात. म्हणून गुळगुळीत कापडाची पँट, ती मोज्यांवरून खाली आलेली, आणि बॅगेत मोज्यांचा एक जादा जोड. चिमटा ठेवलात तर सगळे तुमचे नाव काढतील.

एकट्यानं गेलं तर?

नका जाऊ. चार ते सहा जण बरे. दोघं असाल आणि एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्यानं थांबायचं की मदतीला जायचं हा पेच पडतो. तिघं असले की सुटतो.

लहान मुलं, आजी-आजोबा?

दहा-बारा वर्षांची, चालायची सवय असलेली मुलं खिंडीपर्यंत सहज येतात. पुढचं वाटाड्याला विचारून ठरवा. आजी-आजोबांसाठी याच रांगेतल्या मार्कंड्या डोंगराच्या पायथ्याच्या मुळनबारी खिंडीपर्यंतची फेरी किंवा सरळ सप्तशृंग गड बरा, तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे.

साप, बिबट्या, मधमाश्या यांची भीती कितपत?

बिबट्या नाशिक जिल्ह्यात आहे, हे काही गुपित नाही. पण तो बहुतेक वेळा उसाच्या शेताच्या आसपास, अंधारात. दिवसा, बोलत चालणाऱ्या गटाला तो स्वतःच टाळतो. अंधार पडायच्या आत गावात परत येणं हाच त्यावरचा उपाय.

सापांत फुरसं लक्षात ठेवा. हातभरही नसतं, दगडाच्या रंगाचं, आणि दगडाखालीच असतं. म्हणून बसण्याआधी दगड काठीनं हलवायचा, दिसत नाही अशा खाचेत हात घालायचा नाही. चावलंच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

खरी भीती आग्या मोहोळाची, आणि तिचीच लोकांना कल्पना नसते. कड्याच्या पोटात काळसर, सुपाएवढी पोळी लटकलेली दिसली की आवाज बंद. धूर, सिगारेट, भडक अत्तर, ड्रोन आणि शिट्ट्या हे सगळं त्यांना चिडवतं. उठल्याच तर हात झटकायचे नाहीत. तोंड-डोकं कापडानं झाकून, पायाखाली बघत, वाटेनं लांब निघायचं. जागेवर बसून राहिलात तर जास्त चावतात. नांग्या नखानं खरवडून काढा. पुष्कळ चावल्या असतील किंवा श्वास लागत असेल तर डॉक्टर लगेच.

मोबाईलला रेंज असते का? अडकलो तर कुणाला फोन करायचा?

माथ्यावर बहुधा मिळते, खिंडीत आणि घळीत जाते. नकाशा घरीच उतरवून घ्या, चढताना फोन विमान मोडवर ठेवा, बॅटरी टिकते. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, वणवा किंवा वन्यप्राण्यासाठी वनखात्याचा १९२६. घरच्या एका माणसाला लिहून द्या: कुठला डोंगर, कुठल्या गावातून, कोण कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. "आम्ही वणीकडे चाललोय" एवढ्यावर कुणी शोधायला निघू शकत नाही.

बायकांसाठी सोय?

डोंगरावर कसलीच नाही. वणीच्या स्टँडवर किंवा पेट्रोल पंपावर जाऊन घ्या. वर गरज पडली तर पाण्यापासून आणि वाटेपासून लांब, खड्डा करून, माती ओढून. पॅड, टिश्यू परत बॅगेत. यासाठी एक जाड काळी पिशवी सोबत ठेवा. लघवीला जावं लागेल या भीतीनं पाणी कमी पिऊन चढणाऱ्या मुली बघितल्यात. त्यापेक्षा गटात आधीच मोकळं बोललेलं बरं.

वर मंदिर किंवा पूजा चालू असेल तर?

शेंदूर लावलेला दगड दिसला की बूट लांब काढा, त्यावर बॅग टेकवू नका. कळवण, सुरगाणा, दिंडोरीच्या डोंगरात कोकणा आणि इतर आदिवासी समाज मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. व्रत धरलेल्या माणसांना माऊली म्हणतात. त्यांचे नेमनियम कडक असतात आणि पौर्णिमेच्या सुमारास ते डोंगरातल्या देवाच्या ठिकाणी जातात. पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर आणि टाळांचा आवाज आला तर आधी गावात विचारा की आज वर जाणं बरोबर आहे का. नको म्हणाले तर दुसरा दिवस बघायचा. मोबाईल काढून त्यांच्या अंगात आलेल्या माणसाचं चित्रण करणं तर सोडूनच द्या.

माथ्यावर बघण्यासारखं काय?

कोरीव पायऱ्या, पडक्या दरवाज्याच्या खुणा, टाकी, जोत्यांचे अवशेष. वाडे-महालांची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. मुख्य आहे तो पूर्वेकडचा देखावा. जवळ पसरट अहिवंत, त्याच्याजवळ आरपार भोक असलेला मोहनदर, पलीकडे सप्तशृंगीचा कडा, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, आणि हवा स्वच्छ असेल तर धोडपची शेंडी. मोहनदरच्या त्या नेढ्याची गोष्ट गावात देवी आणि महिषासुराच्या लढाईशी जोडून सांगतात. वाटाड्याकडूनच ऐका, प्रत्येकाची थोडी वेगळी असते.

वर पोचलोच नाही आणि उशीर झाला, तर उलटं केव्हा फिरायचं?

डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण खिंडीत साडेचारलाच सावली येते. म्हणून साडेबारा ही रेघ. कुठेही असा, साडेबाराला तोंड खाली. ही वेळ सकाळी गाडीत सगळ्यांसमोर ठरवून टाका, कारण वर गेल्यावर "आता दहाच मिनिटं" म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतोच आणि बहुधा तोच सर्वात कमी पाणी घेऊन आलेला असतो.

अचला झाला. पुढे कुठे?

मार्कंड्या घ्या, वाट ठळक आहे आणि समोर सप्तशृंगी. सोमवती अमावस्येला मात्र तिथे यात्रा भरते. त्यानंतर अहिवंत, मग कळवणच्या बाजूचा कन्हेरगड. मोहनदरचा वरचा टप्पा अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय करू नका, नेढं खालूनही छान दिसतं. देवळालीजवळचा बहुला नकाशावर जवळ आणि मोहक वाटतो, पण तो लष्कराच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्रात येतो. तिथे जायचं नाही.